संस्थाप्रमुखाचा शेरा

आमच्या सरांना खुर्चीत बसलेलं मी सबंध नोकरीत एकदाच पाहिलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. ते शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर म्हणाल, म्हातारा माणूस बसला, त्यात काय एवढं.

बसणं त्यांना जमायचंच नाही. हैदराबादला सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत आमची मराठी शाळा, दोन मजले, वर पत्रे. खाली मुख्याध्यापकांची खोली, खोलीत हातांची शिसवी खुर्ची, आणि खुर्चीवर गुंडाळून ठेवलेले नकाशे. सर टेबलापाशी उभ्यानं सह्या करायचे, त्याही दोन-चार झाल्या की उरलेले कागद घेऊन व्हरांड्यात. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे चालायचं. माझी नोकरीची मुलाखतसुद्धा चालता चालता झाली. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात-आठ फेऱ्या. मी इस्त्रीची साडी सावरत मागे आणि सर पुढे, मान न वळवता विचारतायत की वर्गात पोर रडायला लागलं तर आधी काय करणार. मी म्हटलं, जवळ जाईन. चालत की पळत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चालत. उद्यापासून या, म्हणाले. ते उत्तर बरोबर होतं की चूक, मला अजून माहीत नाही.

दिसायला काटकुळे, पांढरा शर्ट, आणि खिशात एक पेन्सिल, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. लाल चुकीला, निळी पसंतीला. निळं टोक वर्षानुवर्षं तसंच लांब राहायचं. मूळचे मराठवाड्याकडच्या शेतकरी घरातले, निजामाच्या वेळी आजोबा हैदराबादला आले ते आलेच. त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच, मराठीत सुरू व्हायचं आणि चिडले की उर्दूत जायचं. पण चिडले तरी शब्द एकच, रीतसर. रजा हवी? रीतसर अर्ज द्या. खडू हवा? रीतसर मागणी करा. एकदा एका बाईंनी व्हरांड्यात नुसतं विचारलं की सर, उद्या अर्धा दिवस जाऊ का, तर त्यांनी दोन फेऱ्या मारेपर्यंत उत्तरच दिलं नाही, आणि मग म्हणाले, तुम्ही काही विचारलंत का?

स्वतःलाही सूट नव्हती हो. ते राहायचे मलकपेठला. घोड्यांच्या रेसच्या दिवशी तिकडच्या बसगाड्या माणसांनी अशा लगडतात की विचारू नका. अशाच एका दिवशी सर दहा मिनिटं उशिरा आले. आले ते थेट टेबलापाशी उभे राहिले आणि स्वतःच्या नावे मेमो लिहिला, उशिरा येण्याचं कारण कळवावे. त्याच्याखाली खुलासा लिहिला, रेसची गर्दी, बस अडकली. आणि त्याखाली लाल पेन्सिलीनं शेरा, ‘खुलासा समाधानकारक नाही. घरून लवकर निघावे.’ अर्ध्या दिवसाची रजा कापली. क्लार्कनं तो कागद स्टाफरूममध्ये आणून दाखवला तेव्हा हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यात जास्त मी हसले. माझं हसणं तसंही मोठं आहे, आणि तेव्हा अक्कल कमी होती.

त्यांची आणखी एक तऱ्हा म्हणजे चार्ज देण्याची. बाकीच्या शाळांत मुख्याध्यापक गावाला गेले की चार्ज सगळ्यात जुन्या मास्तरांकडे जातो. आमच्याकडे पाळीनं. कालच लागलेल्या पोरीकडेसुद्धा. किल्ल्या, गोल शिक्का, आणि एक चिठ्ठी, जिच्यात शेवटचं वाक्य कायम तेच, ‘पैशांचे कागद सोडून आलेल्या प्रत्येक कागदावर निर्णय घ्यावा. माझी वाट पाहू नये.’ लोक या चार्जला घाबरायचे. मला मात्र आवडायचा. खोटं कशाला बोलू, नकाशे उचलून मी त्या खुर्चीत बसायची आणि यादय्याला, म्हणजे आमच्या शिपायाला, चहा आणायला सांगायची.

आता एका फॉर्मचं सांगते.

ते दिवस कसे होते, ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. कापडाच्या दुकानांच्या डोक्यावर रातोरात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, दर दहा पावलांवर एसटीडी बूथ, आणि ज्या गल्लीत सायकल वळत नाही तिथंही एक कॉन्व्हेंट उघडलेलं. आमच्याकडे आई-बाप यायचे ते दाखला न्यायला. त्या वाऱ्यानं विद्यापीठही हललं. शिक्षण विभागात तोवर ‘शैक्षणिक प्रशासन’ होतं, त्याचं नाव झालं ‘शैक्षणिक नेतृत्व’, आणि नोकरीतल्या मुख्याध्यापकांसाठी त्यात पीएच.डी. निघाली. पहिली दोन वर्षं पूर्ण वेळ, म्हणजे अभ्यासरजा काढून तिथंच जायचं.

दर डिसेंबरात सर त्या पीएच.डी.च्या प्रवेशाचा फॉर्म आणायचे. आणला की आम्हाला न सांगता कळायचं, कारण व्हरांड्यातल्या फेऱ्यांचा वेग वाढायचा. जो सापडेल त्याला बरोबर चालवून विषय ऐकवायचे. मला तो अजून पाठ आहे. एकाच गल्लीत दोन शाळा, सरकार तेच, पगार तोच, पोरंही तीच. मग एक का चालते आणि एक का मोडते? हे बोलताना त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. या माणसाला या विषयाची किती भूक आहे ते दिसायचं, आणि आपल्याला कशाचीच एवढी नाही याची लाज वाटायची.

फॉर्ममध्ये एका प्रश्नावर ते अडायचे. संस्थेचं नेतृत्व करताना घेतलेला एक महत्त्वाचा निर्णय, पाचशे शब्दांत. लिहायचे, फाडायचे. मला म्हणाले होते, बाई, मी निर्णय कुठं घेतो, मी नुसता फिरतो. पण शेवटी काहीतरी लिहून फॉर्म पुरा करायचे, आणि मग सगळं शांत. महिन्याभरानं आम्ही विचारायचो, काय झालं सर? वरून परवानगी नाही आली, एवढंच सांगायचे. आम्ही सगळे मिळून शाळेच्या मंडळाला शिव्या घालायचो. त्या लोकांना चांगलं माणूस पुढे गेलेलं बघवत नाही, वगैरे.

फॉर्मच्या चौथ्या-पाचव्या वर्षी सर पुतणीच्या लग्नाला परभणीला गेले, तीन दिवस, आणि चार्जची पाळी माझी आली. मी शिक्क्याची शाई शोधायला खालचा खण उघडला. तिथं एक फाईल. आत सगळ्या वर्षांचे फॉर्म, कुठंही न गेलेले. प्रत्येकाच्या शेवटी रकाना होता, ‘संस्थाप्रमुखाचा शेरा’. दुसरा कुणीही तो कागद मंडळाच्या सेक्रेटरीकडे पाठवला असता. पण नियमाच्या पुस्तकात शिक्षकाचा संस्थाप्रमुख म्हणजे मुख्याध्यापक. तेव्हा आमच्या सरांनी अर्जदार म्हणून अर्ज स्वतःकडे केला होता, रीतसर, आणि संस्थाप्रमुख म्हणून लाल पेन्सिलीनं तो नाकारला होता. एका वर्षी, ‘दहावीचे गणित अर्जदाराकडे आहे. सोडता येत नाही.’ एका वर्षी, ‘पहिलीत फक्त चौदा मुले. सोडता येत नाही.’ पुढच्या वर्षी, ‘पहिलीत अकरा. सोडता येत नाही.’

वरून परवानगी नाही म्हणे!

हसू नाही आलं मला, राग आला. असा राग की कानशिलं तापली. मला वाटलं, हा माणूस भितो. मुलाखतीला भितो, इंग्रजीला भितो, आणि भीतीला नियमाचा सदरा घालतो. या वर्षीचा फॉर्म भरून तयार होता. निर्णयाच्या प्रश्नाखाली शाळेसाठी मिळवलेल्या पाण्याच्या टाकीवर पाचशे शब्द. शेऱ्याचा रकाना मात्र कोरा, आणि शेवटची तारीख परवाची, सर परत यायच्या आधीची. चिठ्ठी समोरच होती, प्रत्येक कागदावर निर्णय घ्यावा, माझी वाट पाहू नये. मी लिहिलं, ‘शिफारशीसह पाठवीत आहे.’ सही केली, खाली ‘प्रभारी मुख्याध्यापिका’, आणि दणकन शिक्का मारला. यादय्याच्या हातात पाकीट दिलं तर तो म्हणाला, “मॅडम, सर कू पूछे क्या?” मी म्हटलं, आज मीच सर. तो गेला.

परत आल्यावर सरांनी आवक-जावक वही तपासली. त्यात माझी नोंद होती, मी लपवलं नव्हतं. त्या दिवशी ते व्हरांड्यात आलेच नाहीत. खोलीतल्या खोलीत फिरत राहिले. मला बोलणार काय, सगळं रीतसर होतं.

मुलाखतीला ते गेले, आणि तिथंही उभेच राहिले असं नंतर कळलं. निवड झाली. स्टाफरूममध्ये पेढे आले आणि मी अशी मिरवत होते की जसं काही मीच पास झाले. अभ्यासरजेचा अर्ज या वेळी मंडळाकडे जाणं भागच होतं. ज्या मंडळानं पाण्याच्या टाकीला दोन वर्षं लावली, त्यानं दोन वर्षांची पगारी रजा एका बैठकीत मंजूर केली. वर शाल आणि नारळ. तो समारंभ संपल्यावर सेक्रेटरी माझ्याजवळ आले. कापडाचे व्यापारी, गोड बोलणारा माणूस. हळूच म्हणाले, “बाई, तुम्ही आमचं कधीचं अडलेलं काम करून दिलंत.”

मला कळायला दोन दिवस लागले. त्याच बैठकीत दुसराही ठराव झाला होता. जूनपासून इंग्रजी पहिली सुरू, आणि मराठी पहिलीला दहा मुलं झाली नाहीत तर ती बंद. पहिली बंद झाली की पुढच्या वर्षी दुसरी, मग तिसरी, शाळा खालून वर विझत जाणार. आता ही दहा मुलं दर मे महिन्यात कोण आणायचं? सर आणायचे. उन्हातान्हात घरोघर फिरून, एकटे, कुणाला न सांगता. आम्ही सुट्टीला आपापल्या गावी असायचो आणि जूनमध्ये येऊन म्हणायचो, चला, पहिली भरली.

मी धावतच व्हरांड्यात गेले. माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही, मी नुसती मागे चालत राहिले. तीन फेऱ्या झाल्या. मग ते म्हणाले, “बाई, अर्ज भरताना मला कळायचं की मला किती जायचंय. शेरा लिहिताना कळायचं की का जाता येत नाही. दोन्ही मीच होतो. मधे तुम्ही कशाला आलात?”

मला रडू आलं. सर मागे वळून माझ्याजवळ आले, चालत की पळत ते आठवत नाही, आणि थांबले. पहिल्यांदाच थांबले. म्हणाले, उद्यापासून सकाळी आठला या, छत्री आणा.

त्या मेमध्ये मी त्यांच्याबरोबर फिरले. मलकपेठच्या चाळी, सुलतान बाजारातली दुकानांमागची घरं, सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टर्स. सर दारात उभ्यानंच बोलायचे, पाणीसुद्धा उभ्यानं प्यायचे. लोक मान द्यायचे, चहा द्यायचे, मूल द्यायचे नाहीत. एका रेल्वेतल्या गृहस्थांचं बोलणं मी विसरले नाही. नांदेडकडचे, बौद्ध, त्यांच्या घरात शिकलेली पहिली पिढी त्यांची. म्हणाले, सर, मी मराठीत शिकलो आणि रेल्वेत खलाशी, म्हणजे साधा मजूर म्हणून लागलो. इंग्रजी अर्ज लिहायला शिकण्यात माझी दहा वर्षं गेली. माझ्या पोरीची का घालवू? सरांनी वाद घातला नाही. इंग्रजी पहिलीपासून मी स्वतः शिकवीन, मराठी वर्गात, रोज एक तास, एवढंच म्हणाले. मग त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघून सहज विचारलं, तुमची मुलगी कुठं घालताय बाई?

माझी मुलगी पाच वर्षांची होती. एका कॉन्व्हेंटचा भरलेला फॉर्म त्या क्षणी माझ्या पर्समध्ये होता. सरांना ते माहीत होतं की नाही, देव जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जिन्याकडे पाहिलं. ‘बघू अजून,’ असं काहीतरी मी पुटपुटले, आणि आम्ही खाली आलो. रस्ताभर ते दुसरंच बोलत राहिले.

विद्यापीठात हजर व्हायचा दिवस आणि आमच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, दोन्ही एकच निघाले. हजर होण्यासाठी कार्यमुक्तीचा आदेश लागतो, आणि त्यावर सही करायची मुख्याध्यापकानं. सकाळी टेबलावर तो टाईप केलेला पडून होता, शेजारी पहिलीची यादी. नऊ नावं. त्यात रेल्वेवाल्यांच्या मुलीचं होतं, त्यांनी आदल्या संध्याकाळी येऊन घातलं होतं. दुपारी तीनपर्यंत सर फिरत होते. मी स्टाफरूमच्या दारातून बघत होते. चालताना ते त्या यादीकडे बघतही नव्हते आणि आदेशाकडेही नाही. ते मला काही विचारणार नाहीत, मेले तरी विचारणार नाहीत, हे मला कळलं, आणि त्याचाच मला संताप आला. मी खोलीत गेले, पेन घेतलं आणि दहाव्या ओळीवर माझ्या मुलीचं नाव लिहिलं. नवऱ्यानं नंतर चार दिवस अबोला धरला. धरू दे म्हटलं.

मला वाटलं होतं, दहा झाली, आता सर जातील. नाही गेले. इंग्रजी शिकवायचा शब्द दिला होता ना दारात उभं राहून. आदेश सहीशिवाय फाईलला लागला, आणि खाली लाल शेरा, ‘अर्जदाराने शब्द दिलेला आहे. सोडता येत नाही.’ जागा गेली ती गेलीच. त्यानंतर त्यांनी फॉर्म आणला नाही. विषयही काढला नाही. फक्त डिसेंबर आला की त्यांना फार चालावं लागायचं, दुप्पट फेऱ्या, आणि आम्ही कुणी काही विचारायचो नाही. निवृत्त होईपर्यंत पहिली दर वर्षी भरली. कधी दहा, कधी बारा.

मग ते शाळेतून गेले, आणि काही वर्षांनी ती खोली माझ्याकडे आली. मला वाटलं होतं, आता कायमची खुर्चीत बसेन, चहा मागवेन. पहिल्याच मेमध्ये माझ्या लक्षात आलं की खुर्चीवर परत नकाशे आहेत. मी कधी ठेवले, आठवत नाही.

तर तो दिवस. मे महिना, भर दुपार, दुसऱ्या दिवशी प्रवेश संपायचे. मी टेबलापाशी उभी, आणि दारात सर. जरा वाकलेले, शर्ट तोच. यादय्यानं नकाशे उचलून खुर्ची पुसली, नुसता मान म्हणून, आणि सर आले आणि तिच्यात बसले. सरळ बसले. पाठ टेकवून.

फॉर्म आणला होता. विद्यापीठ आता मे महिन्यात अर्ज घेत होतं आणि निवृत्त लोकांनाही प्रवेश देत होतं. रकाना मात्र तसाच होता, जिथं शेवटची नोकरी केली तिथल्या संस्थाप्रमुखाचा शेरा. रीतसर तुमच्याकडे आलोय, म्हणाले.

मी फॉर्म वाचला, पानं उलटत. महत्त्वाचा निर्णय, पाचशे शब्दांत. तिथं आखलेल्या ओळी सगळ्या कोऱ्या होत्या, फक्त पहिलीवर, त्यांच्या त्या सुबक अक्षरात, इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं, की मी गेलो नाही.

मला पुढचं दिसेना. मी खिडकीशी गेले, परत आले. टेबलावर पहिलीची यादी पडली होती, आणि सरांचे डोळे तिच्यावर होते.

“किती झाली?”

“सात.”

त्यांचा हात खुर्चीच्या हातावर आवळला. एक पाय पुढे आला, चपलेत शिरला. मला वाटलं, उठले. मनापासून सांगते, मला वाटलं की आता हे उठणार, छत्री मागणार आणि आम्ही दोघं निघणार. माझ्याकडे घालायला आता दुसरी मुलगी नव्हती. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी तो पाय सावकाश मागे घेतला.

“शेरा लिहा, बाई.”

मी उभ्यानंच लिहिलं, ‘अर्जदारास सोडण्यास शाळेची हरकत नाही.’ हरकत होती. उभ्या जन्मात लिहिलेला हा सगळ्यात खोटा शेरा. सही केली, शिक्का मारला. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, खिशातून ती पेन्सिल काढली आणि माझ्या ओळीखाली निळी रेघ ओढली. म्हणाले, तारीख राहिली. मी तारीख घातली.

मग मी छत्री घेतली आणि मलकपेठला निघाले. सर अजून बसलेलेच होते.